नागपूरची गाडी परदेशी नेताना हेडलाइटची तजवीज कशी करावी

गाडी घेऊन परदेशी निघालेल्यांची तयारी बहुधा कार्नेट (गाडी तात्पुरती परदेशी नेण्याचे सीमाशुल्काचे कागदपत्र), विमा, आंतरराष्ट्रीय परवाना आणि टायर यांच्याभोवतीच फिरते. हेडलाइटची आठवण होते ती परक्या रस्त्यावर समोरचा प्रत्येक चालक अप्पर-डिप्पर मारू लागतो तेव्हा. रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्यासाठी घडवलेला दिवा उजव्या बाजूने चालणाऱ्या देशात गेला, की त्याचा सर्वांत लांब पोहोचणारा प्रकाश समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. हा दोष दिवा खाली घेऊन जात नाही, ही गोष्ट मात्र नागपुरातल्या चांगल्या चांगल्या गॅरेजमध्येही समजावून सांगावी लागते. "भाऊ, फोकस दोन आटे खाली घेऊन देतो ना, टेन्शन नका घेऊ," हे तिथले ठरलेले उत्तर असते. ते का पुरेसे नाही आणि त्याऐवजी काय करावे, हे येथे क्रमाने दिले आहे.

आधी देशाची बाजू पाहावी

नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, थायलंड, मलेशिया, सिंगापूर, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि केनिया या देशांत वाहतूक आपल्याप्रमाणेच डावीकडून चालते. तेथे जाणाऱ्याने दिव्यांना हात लावण्याचे कारण नाही. चीन, म्यानमार, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम, इराण, सर्व आखाती देश, रशिया, आणि ब्रिटन, आयर्लंड, माल्टा व सायप्रस वगळता सारा युरोप उजवीकडून चालतो. स्टिअरिंग कोणत्या हाताला आहे यावरून देशाची बाजू ठरवू नये. म्यानमार १९७० साली डावीकडून उजवीकडे गेला, परंतु तेथील रस्त्यांवर उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या त्यानंतरही मोठ्या संख्येने राहिल्या.

एकाच प्रवासात बाजू एकापेक्षा अधिक वेळा बदलू शकते, हेही नकाशावर आधीच पाहून ठेवावे. मोरे-तामू सीमेवरून म्यानमारमध्ये शिरणारी गाडी उजवीकडे जाते आणि म्यावडी-माए सॉट येथे थायलंडमध्ये उतरली की पुन्हा डावीकडे येते. नेपाळमधून तिबेटमध्ये जाणाऱ्यालाही सीमेवर हाच बदल करावा लागतो. अशा मार्गांवर जो उपाय निवडायचा तो रस्त्याच्या कडेला पंधरा-वीस मिनिटांत करता आणि काढता येणारा असला पाहिजे.

दिव्यात नेमके काय बदलते

अप्पर, म्हणजे हाय बीम, दोन्ही बाजूंना सारखाच असतो आणि पुढचे फॉग लॅम्पही तसेच. त्यांचा येथे विचार करण्याचे कारण नाही. सारा प्रश्न डिपरचा, म्हणजे लो बीमचा आहे. डिपर लावून गाडी भिंतीसमोर उभी केली, तर भिंतीवर उजेड आणि अंधार यांची एक स्पष्ट कड दिसते. भारतातील गाडीत या कडेचा उजवा भाग सपाट असतो, कारण तिकडून समोरची वाहने येतात, आणि डावा भाग मध्यापासून सुमारे १५ अंशांनी वर चढत जातो, म्हणजे डाव्या कडेने चालणारा माणूस, उभी बैलगाडी किंवा मैलाचा दगड दुरून दिसावा. काही प्रोजेक्टर, म्हणजे पुढे भिंग असलेल्या, दिव्यांत तिरक्या रेघेऐवजी एक छोटी पायरी असते, तत्त्व तेच.

आता थोडे गणित करावे, कारण त्यावाचून गॅरेजमधला वाद मिटत नाही. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंचीवर आहे आणि त्याचा कल १ टक्का, म्हणजे दर १० मीटरला १० सेंटीमीटर खाली, असा लावलेला आहे, असे धरू. सपाट भागाचा प्रकाश ६५ मीटरवर जमिनीला टेकतो. समोरची गाडी ५० मीटरवर असताना ही सपाट कड जमिनीपासून अवघ्या १५ सेंटीमीटरवर आलेली असते, त्यामुळे ती कोणालाही त्रास देत नाही. परंतु त्याच ठिकाणी चढती कड, मध्यापासून साडेतीन मीटर डावीकडे, सुमारे १.१ मीटर उंचीवर असते. उजवीकडून चालणाऱ्या देशात समोरचा चालक साधारण याच जागी येतो आणि लहान गाडीत बसलेल्याचे डोळेही साधारण याच उंचीवर असतात.

फोकस खाली घेतल्याने काय होते? कल १ ऐवजी २ टक्के केला, तर सपाट प्रकाश ६५ मीटरऐवजी साडेबत्तीस मीटरवरच जमिनीला टेकतो, आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने हे अंतर दोन सेकंदांत संपते. चढत्या कडेचा चढ मात्र तसाच राहतो. ५० मीटरवर ती आता डोळ्यांच्या खाली असते, पण २५ मीटरवर पुन्हा नेमकी १.१ मीटरवर येते. म्हणजे समोरच्याचे दिपणे थांबत नाही, ते दोन्ही गाड्या एकमेकींच्या सर्वांत जवळ असण्याच्या क्षणापर्यंत पुढे ढकलले जाते, आणि त्या बदल्यात स्वतःचा अर्धा रस्ता अंधारात जातो. दोन्ही दिवे आडव्या पेचाने उजवीकडे फिरवून देण्याचा उपायही काही जण सुचवतात. त्याने मधला मुख्य झोत रस्ता सोडून कडेला जातो, चढाची दिशा बदलत नाही, आणि परत आल्यावर मूळ सेटिंग हरवलेले असते.

काचेवरच्या खुणा वाचाव्यात

बॉनेट उघडण्यापूर्वी दिव्याची काच ओल्या फडक्याने पुसून तिच्यावरील बारीक अक्षरे वाचावीत. कोपऱ्यात असतात, मोबाइलच्या उजेडात तिरके पाहिले की दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या नियमांनुसार मान्यता मिळालेल्या दिव्यावर वर्तुळात इंग्रजी 'ई' आणि त्यापुढे मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असतो: १ म्हणजे जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ४ नेदरलँड्स, ११ ब्रिटन. 'एचसी' म्हणजे हॅलोजन डिपर, 'एचआर' म्हणजे हॅलोजन अप्पर, 'एचसीआर' म्हणजे दोन्ही एकात. झेनॉनसाठी याच जागी 'डीसी', 'डीआर' आणि 'डीसीआर' येतात. 'पीएल' म्हणजे काच प्लास्टिकची आहे.

आपल्या कामाची खूण आहे तो आडवा बाण. दिव्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर बाण आपल्या उजव्या हाताकडे दाखवत असेल, तर तो दिवा फक्त डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे, कारण आपला उजवा हात हीच गाडीची डावी बाजू असते. बाणच नसेल, तर दिवा उजवीकडच्या वाहतुकीचा. बाणाला दोन्हीकडे टोके असतील, तर तो दोन्हींसाठी बदलता येतो, आणि मग त्याच्या आत कुठेतरी बदलण्याची सोय असणारच. ती हँडबुकात शोधावी. भारतीय गाड्यांच्या सगळ्याच दिव्यांवर ही खूण सापडेल असे नाही. ती नसली तरी अडत नाही. भिंत सारे सांगते.

भिंतीवरची तपासणी

हे काम नागपुरातच, निघण्यापूर्वी निदान पंधरा दिवस आधी करावे, म्हणजे सुटे भाग मागवायचे झाल्यास हाताशी वेळ राहतो. लागते ती एक साधी, फिकट रंगाची भिंत आणि तिच्यासमोर किमान १४ ते १५ मीटर सपाट, एका पातळीतली फरशी किंवा काँक्रीट. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये इतकी जागा क्वचितच मिळते, शिवाय तेथे उताराचा भरवसा नसतो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या शेडची भिंत ओळखीने मिळाली, तर उत्तम. वेळ सूर्यास्तानंतरची घ्यावी.

टायरमध्ये दाराच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेला दाब भरावा. चालकाच्या आसनावर एक माणूस बसवावा, टाकी भरलेली असावी, आणि डॅशबोर्डवरील लेव्हलिंगचे, म्हणजे दिव्यांचा झोत खाली-वर करण्याचे, चाक शून्यावर ठेवावे. मागे तंबू, गॅस, पाण्याचे कॅन असे वजन घेऊन प्रवास होणार असेल, तर तपासणी दोनदा करावी, एकदा रिकाम्या आणि एकदा भरलेल्या गाडीवर, आणि भरलेल्या गाडीत लेव्हलिंगचे चाक कोणत्या आकड्यावर ठेवल्यास कड जागेवर येते ते लिहून ठेवावे.

गाडी भिंतीला काटकोनात, दिव्यापासून भिंतीपर्यंत १० मीटर अंतर ठेवून उभी करावी. काटकोन साधण्यासाठी पुढच्या दोन्ही चाकांपासून भिंतीपर्यंतचे अंतर टेपने मोजून सारखे करावे. दिव्याच्या काचेवर मध्यबिंदू दाखवणारा एक बारीक ठिपका किंवा वर्तुळ बहुधा असते. त्याची उंची भिंतीवर नेण्यासाठी जमिनीपासून मोजू नये, कारण दहा मीटरांत फरशी दोन-तीन सेंटीमीटर सहज खाली-वर असते आणि आपण मोजणार आहोत तेच मुळी दहा सेंटीमीटर. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल पाइप आणावी: एक टोक दिव्याच्या ठिपक्याशी धरावे, दुसरे भिंतीशी, आतला हवेचा बुडबुडा बोटाने टिचक्या मारून काढून टाकावा, आणि दिव्याच्या टोकाकडील पाणी ठिपक्याशी स्थिर झाले, की भिंतीकडील पाण्याच्या पातळीवर खडूने खूण करावी. त्या खुणेतून एक आडवी रेघ ओढावी, तिच्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी, आणि दोन्ही दिव्यांच्या अगदी समोर प्रत्येकी एक उभी रेघ. बॉनेटच्या आतल्या पट्टीवर किंवा दिव्याच्या पाठीवर दिव्याच्या चिन्हाशेजारी १.२ टक्के असा वेगळा आकडा छापलेला असेल, तर १० ऐवजी १२ सेंटीमीटर घ्यावेत.

आता डिपर लावावा आणि एका दिव्यापुढे पुठ्ठा उभा करून एका वेळी एकच दिवा पाहावा. हॅलोजनच्या काचेवर फडके टाकून ठेवू नये, ते तापते. सपाट कड खालच्या आडव्या रेघेवर आणि वळणाचा बिंदू उभ्या रेघेजवळ आला पाहिजे. तेथून चढती कड डावीकडे सुमारे ३७ सेंटीमीटरवर वरची आडवी रेघ ओलांडते. एवढे जुळले तर मूळ सेटिंग बरोबर आहे. जुळले नाही, तर आधी ते जुळवावे आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे, कारण चढता प्रकाश झाकण्यासाठी काचेवर लावायची पट्टी चुकीच्या सेटिंगवर लावली, तर ती चुकीच्या जागीच बसते.

कडच दिसत नसेल, सगळीकडे धूसर उजेड पसरत असेल, तर दोनपैकी एक कारण असते. नागपूरच्या उन्हात वर्षानुवर्षे उघड्यावर उभ्या राहिलेल्या गाडीची प्लास्टिकची काच पिवळी आणि खडबडीत होते. ती पॉलिश करून वर संरक्षक थर द्यावा किंवा दिवा बदलावा. दुसरे कारण हॅलोजनच्या घरात बाजारातला एलईडी बल्ब बसवलेला असणे. रिफ्लेक्टर, म्हणजे दिव्यातला आरसा, हा बल्बच्या तंतूच्या नेमक्या जागेसाठी आखलेला असतो, आणि एलईडीच्या चिप्स तेथे नसल्या की प्रकाश भलतीकडे फुटतो. परदेशी तपासणीत असा बल्ब अडचणीत आणतो. गाडीबरोबर आलेल्या प्रकारचा हॅलोजन परत बसवून मगच निघावे.

दिव्याच्या प्रकाराप्रमाणे उपाय

जुन्या गाड्यांच्या रेघांच्या काचेच्या दिव्यात बहुधा एच-४ बल्ब असतो. हा बल्ब डाव्या आणि उजव्या दोन्ही वाहतुकीला एकच आहे, तेव्हा उजवीकडचा बल्ब म्हणून कोणी काही विकू लागले, तर घेऊ नये. फरक असतो तो बल्ब बसण्याच्या खाचेत, रिफ्लेक्टरमध्ये आणि काचेवरील रेघांमध्ये. काही जुन्या युरोपीय दिव्यांत बल्बची कडी दोन जागी बसवता येत असे. आपल्याकडे ते क्वचितच दिसते. म्हणून येथे काळ्या, अपारदर्शक, उष्णता सोसणाऱ्या टेपचा उपाय करावा. एका माणसाने भिंतीकडे पाहत उभे राहावे आणि दुसऱ्याने पुठ्ठ्याचा रुंद तुकडा काचेसमोर हळूहळू सरकवावा. ज्या जागी पुठ्ठा आल्यावर भिंतीवरील चढता भाग विझतो आणि सपाट भाग शाबूत राहतो, ती जागा काचेवर मार्करने आखावी. ती बहुधा पाचरीच्या आकाराची निघते. त्या मापाचा कागदी साचा कापून त्यावर डावा किंवा उजवा दिवा असे लिहावे, कारण दोन्ही दिव्यांचे साचे नेहमी एकसारखे नसतात.

स्वच्छ काचेच्या रिफ्लेक्टर दिव्यांना हीच पद्धत लागू पडते. फक्त येथे चढता भाग रिफ्लेक्टरच्या एखाद्या अनपेक्षित कप्प्यातून येत असतो, त्यामुळे शोधाला वेळ लागतो. अनेक गाड्यांच्या हँडबुकात झाकायच्या जागेचे चित्र मापासह दिलेले असते. ते असल्यास अंदाजाच्या वाटेला जाऊ नये. टेपऐवजी प्रिझमच्या रेघा असलेले पारदर्शक डिफ्लेक्टर स्टिकर मिळतात. ब्रिटनमधून फ्रान्सला गाडी नेणारे हेच वापरतात आणि त्यांच्या पाकिटात गाडीच्या मॉडेलप्रमाणे जागा दाखवणारा कागद असतो. टेप प्रकाश अडवते, तर प्रिझम तो उजवीकडे वळवते, म्हणून लांबच्या प्रवासाला मी प्रिझम पसंत करीन. टेप लावलेल्या गाडीला रस्त्याची उजवी कडही दुरून दिसत नाही आणि डावीही नाही, तेव्हा रात्रीचा वेग त्या हिशेबाने कमी ठेवावा.

प्रोजेक्टर दिव्याला टेपचा उपाय चालत नाही. सिनेमाच्या प्रोजेक्टरच्या भिंगाचा अर्धा भाग झाकला, तर पडद्यावरचे चित्र अर्धे होत नाही, ते फक्त फिके पडते. येथेही कड आतल्या पत्र्याच्या पडद्याने तयार होते आणि भिंग तिची प्रतिमा पुढे फेकते, म्हणून बाहेरून टेप लावली की सारा उजेड कमी होतो आणि चढ तसाच राहतो. काही झेनॉन प्रोजेक्टरच्या मागे, झाकणाआड, हा पडदा डावा-उजवा किंवा सपाट करणारी छोटी खिटी असते. ती हँडबुकात दाखवलेली असेल तरच हात घालावा, आणि त्याआधी दिवे व इग्निशन बंद करून बॅटरीची उणे तार काढावी. झेनॉन पेटवताना २०,००० व्होल्टपेक्षा अधिक दाब तयार होतो, आणि तेथे सवयीने चालणारा हात धोक्याचा असतो.

एलईडी आणि झेनॉनच्या अलीकडच्या गाड्यांत हे काम सॉफ्टवेअर करते. स्कोडा आणि फोक्सवॅगनच्या काही मॉडेलांत स्क्रीनवरील दिव्यांच्या मेनूमध्ये 'ट्रॅव्हल मोड' असतो. तो चालू केला की कड सपाट होते किंवा बाजू बदलते. भारतात विकलेल्या गाडीत हा पर्याय दिसेलच असे नाही, म्हणून युरोपीय हँडबुक वाचून निश्चिंत होऊ नये. स्वतःच्या गाडीत बटण दाबून भिंतीवर बदल दिसतो का ते पाहावे. पर्याय नसेल, तर कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राला लेखी विचारावे आणि उत्तरही लेखी घ्यावे.

स्टिकर लावावे कधी आणि काढावे कसे

पट्ट्या लावून नागपुरातून निघू नये. गाडी मुंबईच्या बंदराकडे समृद्धी महामार्गाने जाणार असो, नाहीतर ईशान्येकडे, भारतातल्या प्रत्येक किलोमीटरला रस्त्याची डावी कड दिसणे आवश्यकच आहे. नागपुरात चाचणी घ्यावी, साचे कापावेत, पट्ट्या काढून टाकाव्यात आणि साचे, टेप, मार्कर, मोजपट्टी व जादा स्टिकर यांची एक थैली ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवावी. परदेशात गाडी जहाजावरून उतरल्यावर किंवा सीमेचे फाटक ओलांडल्यावर, दिवसाच्या उजेडात, कोरड्या आणि थंड काचेवर त्या लावाव्यात. युरोपातील अनेक देशांत दिवसाही डिपर लावणे सक्तीचे आहे, तेव्हा रात्री चालवणारच नाही ही सबब तेथे उपयोगाची नाही.

बाजू दोनदा बदलणाऱ्या मार्गावर प्रत्येक वेळेसाठी स्वतंत्र जोडी घ्यावी, कारण एकदा सोललेले स्टिकर पुन्हा नीट चिकटत नाही. परतल्यावर पट्ट्या त्याच दिवशी काढाव्यात. मे महिन्यातल्या नागपूरच्या ४५ अंशांत आठवडाभर राहिलेल्या टेपचा चिकटा काचेवर भाजून बसतो, आणि मग कोणीतरी पेट्रोलचा बोळा किंवा थिनर घेऊन येतो. प्लास्टिकच्या काचेवर या दोन्हींचा वापर अजिबात करू नये. वरचा संरक्षक थर जातो आणि बारीक तडे पडतात. कोमट पाणी, साबण, मऊ फडके आणि थोडा धीर एवढ्यावर काम होते. शेवटी गाडी पुन्हा त्याच भिंतीसमोर आणून कड मूळ जागी आहे ना हे पाहावे.

कायमचे स्थलांतर असेल तर

वर सांगितलेले उपाय प्रवाशासाठी आहेत. गाडी तेथे कायमची नोंदवायची असेल, तर स्टिकर चालत नाहीत. उजव्या वाहतुकीसाठी बनवलेले पूर्ण दिवे बसवावे लागतात. येथे पहिला प्रश्न दिव्याचा नसतोच. उजव्या हाताच्या स्टिअरिंगची गाडी तो देश नोंदवतो की नाही, हे आधी लेखी विचारून घ्यावे. आखाती देशांत याच पायरीवर अनेकांचे बेत संपतात. अमेरिकेत तेथील सुरक्षा मानकांनुसार न बनलेली गाडी २५ वर्षांची होईपर्यंत कायमची आयात करता येत नाही, आणि दिव्यांवर तेथील परिवहन खात्याची 'डीओटी' खूण लागते. जर्मनीत उजव्या हाताचे स्टिअरिंग चालते, पण टीयूव्हीसारख्या वाहन तपासणाऱ्या संस्थेच्या तपासणीत दिवे उजव्या वाहतुकीचेच असावे लागतात.

समाधानाची बाब म्हणजे भारतात बनणाऱ्या अनेक गाड्या डाव्या हाताच्या स्टिअरिंगसह निर्यात होतात. फोक्सवॅगनने पुण्याजवळच्या चाकणमधून व्हेंटो मेक्सिकोला पाठवली, आणि ह्युंदाई व निसान यांच्याही अशा गाड्या चेन्नई परिसरातील कारखान्यांतून बाहेर जातात. त्यामुळे आपल्या मॉडेलचा उजव्या वाहतुकीचा दिवा जगात कुठेतरी नवा मिळण्याची शक्यता चांगली असते. तो येथील शोरूममध्ये शोधण्यापेक्षा त्या देशातल्या वितरकाकडून सुट्या भागाचा क्रमांक घेऊन मागवावा, आणि क्रमांक घेताना हॅलोजन, झेनॉन किंवा एलईडी, लेव्हलिंगची मोटर आहे की नाही, आणि प्लगच्या पिना किती, हे तिन्ही जुळवून पाहावे.

दोन बाबी नेहमी सुटतात. युरोपीय नियमांत २,००० ल्युमेनपेक्षा अधिक प्रकाशाचा स्रोत वापरणाऱ्या डिपरला दिवा धुणारी यंत्रणा सक्तीची केलेली आहे. झेनॉन बहुधा या मर्यादेच्या वर जातो, आणि भारतातल्या गाडीत ती यंत्रणा नसली तर हॅलोजनचे दिवे बसवणे स्वस्त पडते. दुसरी बाब मागच्या फॉग लॅम्पची. तो एकच असेल, तर डाव्या वाहतुकीत गाडीच्या उजव्या अर्ध्या भागात असतो. उजव्या वाहतुकीत तो डाव्या अर्ध्या भागात किंवा मध्यावर असावा लागतो. अनेक गाड्यांत मागच्या दिव्याच्या दुसऱ्या बाजूला रिकामा कप्पा असतो, त्यामुळे हे काम वायरिंगपुरतेच राहते.

स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी सारा देश डावीकडून उजवीकडे नेला, तेव्हा गाड्यांचे दिवेही बदलावे लागले. बदलाची घाई करण्यामागे एक कारण हेही होते, की त्या काळी बहुतेक गाड्यांना स्वस्त, ठरावीक मापाचे गोल दिवे असत, आणि प्रत्येक मॉडेलचे स्वतंत्र, महाग दिवे येऊ लागले होते. आज एका एलईडी दिव्याची किंमत विचारली, की त्या घाईचे मर्म कळते.

बाहेरून नागपुरात येणारी गाडी

भारताच्या आयात धोरणात हेडलाइटचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे: आयात होणाऱ्या चारचाकीचे स्टिअरिंग उजव्या हाताला, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये आणि हेडलाइटचा झोत डावीकडून चालण्याच्या वाहतुकीला अनुरूप असला पाहिजे. वापरलेली गाडी निर्मितीपासून तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, अशीही अट आहे. त्यामुळे दुबईत किंवा जर्मनीत घेतलेली डाव्या हाताची गाडी दिवे बदलूनही येथे कायमची आणता येत नाही, आणि ब्रिटन, जपान, सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियातून आलेल्या गाडीचे दिवे मुळातच बरोबर असतात. ब्रिटनच्या गाडीत अडते ते मैलांच्या स्पीडोमीटरवर.

राहता राहिले कार्नेटवर फिरणारे परदेशी पाहुणे. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ नागपुरातूनच जातो, त्यामुळे युरोपीय नंबरप्लेटच्या गाड्या येथे अधूनमधून दिसतात. त्यांच्या दिव्यांचा चढ उजवीकडे असतो, म्हणून वरील सारी कृती त्यांच्यासाठी आरशातल्यासारखी उलटी करावी: विझवायचा तो भिंतीवरील उजवा चढ. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०६ मध्ये ८ मीटर अंतरावर, उजवीकडे अर्धा मीटर आणि दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्याला दिपवू नये, अशी कसोटी आहे. वरच्याच गणिताने पाहिले तर तेथे चुकीच्या बाजूचा चढ अवघ्या ७० सेंटीमीटरवर असतो, म्हणजे असा दिवा या कसोटीला सहज उतरतो आणि तरीही कामठी रोडवर ५० मीटरवरून येणाऱ्या स्कूटरस्वाराला आंधळे करतो. तेव्हा कागदोपत्री नियम पाळला जातो, म्हणून पट्टी टाळू नये. याशिवाय मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १२० नुसार डाव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीला चालू स्थितीतील यांत्रिक किंवा विजेवरचे इशारा-साधन लागते, म्हणून हेडलाइटबरोबरच चारही इंडिकेटर पेटतात ना, हे त्याच भिंतीसमोर उभे असताना पाहून घ्यावे.